वकीलवर्गाचे स्वशासन : ठाणे-कल्याणच्या मतदारापासून अखिल भारतीय परिषदेपर्यंत

ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात वकिली करणाऱ्या, किंवा डोंबिवलीस राहून कल्याणच्या न्यायालयात काम चालविणाऱ्या वकिलाचा दोन निरनिराळ्या निवडणुकांशी संबंध येतो. पहिली निवडणूक त्याच्या न्यायालयातील वकील संघाची, म्हणजे बार असोसिएशनची. दुसरी निवडणूक महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेची, म्हणजे बार कौन्सिलची. बोलण्याच्या ओघात दोहोंनाही ‘बार’ असेच म्हटले जाते व त्यामुळे पुष्कळदा गल्लत होते. वस्तुतः या दोन संस्थांचा उगम, अधिकार आणि प्रतिनिधित्वाची रीत ही सर्व भिन्न आहेत. एखादा व्यवसाय आपले शासन आपणच कसे करतो, या प्रश्नाचा विचार करू पाहणाऱ्या राज्यशास्त्राच्या अभ्यासकाला हा भेद प्रथम स्पष्ट करून घेतला पाहिजे. प्रस्तुत लेखात तो स्पष्ट करून, प्रतिनिधींमार्फत चालणाऱ्या या स्वशासनाची रचना व तिच्या मर्यादा यांचा विचार करण्याचे योजिले आहे.

१. संघ आणि परिषद

वकील संघ ही ऐच्छिक संस्था होय. न्यायालयाच्या आवारातील वकिलांची खोली, ग्रंथालय, बसण्याची जागा, न्यायाधीशांशी होणारा दैनंदिन व्यवहार, दिवंगत सहकाऱ्यास श्रद्धांजली, नव्या इमारतीची मागणी ही तिची कामे. तिचे सभासद एकमेकांस नावाने व चेहऱ्याने ओळखतात. निवडून आलेला अध्यक्ष दुसऱ्या दिवशी त्याच खोलीत मतदारांच्या शेजारी बसलेला असतो. म्हणून तेथील उत्तरदायित्व प्रत्यक्ष व सततचे असते. परंतु संघाला कोणाचीही सनद देता येत नाही आणि कोणाची काढूनही घेता येत नाही.

परिषद याच्या नेमकी उलट आहे. ती १९६१ च्या ॲडव्होकेट्स अधिनियमाने निर्माण केलेली वैधानिक संस्था आहे. सनद देणे, वकिलांची नामावली ठेवणे, गैरवर्तनाच्या तक्रारींची चौकशी करून शिक्षा देणे, वकिलांच्या हक्कांचे रक्षण करणे, कायद्यातील सुधारणांना उत्तेजन देणे, ही तिची कार्ये अधिनियमातच सांगितली आहेत. संघात न जाता वकिली करता येते. परिषदेच्या नामावलीत नाव नसता करता येत नाही.

आणखी एक फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. ठाणे व कल्याण या दोन्ही ठिकाणी काम असणारा वकील दोन्ही संघांचा सभासद होऊ शकतो, व दोन्ही ठिकाणी मत देऊ शकला तर एकाच व्यक्तीचे वजन दुप्पट होते. सर्वोच्च न्यायालयाच्या वकील संघाबाबत हाच प्रश्न निघाला असता, ‘एका वकिलाने एकाच संघात मत द्यावे’ असा त्या संघाचा नियम सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली वैध ठरविला. परिषदेच्या निवडणुकीत हा प्रश्न उद्भवतच नाही. कारण तेथे राज्याची मतदार-यादी एकच असते.

२. स्वशासनाची आवश्यकता का भासली

परिषदेच्या हाती आज असलेला शिस्तीचा अधिकार पूर्वी न्यायालयाकडे होता. त्याचा अर्थ काय होता हे मुंबई इलाख्यातील एका प्रसंगावरून उत्तम कळते. १९१९ साली रौलट कायद्याविरुद्धच्या सत्याग्रहाच्या प्रतिज्ञेवर अहमदाबादच्या काही वकिलांनी सह्या केल्या. तेथील जिल्हा न्यायाधीशाने त्यांच्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयास पत्र लिहिले, आणि उच्च न्यायालयाने त्या वकिलांना समज दिली. ते पत्र प्रसिद्ध केल्याबद्दल गांधीजी व महादेवभाई देसाई यांच्यावर न्यायालयाच्या बेअदबीची कारवाई झाली, व १९२० साली त्यांनाही समज मिळाली. न्यायाधीशांचे वर्तन चांगले होते की वाईट, हा येथे मुद्दा नाही. ज्याच्यासमोर वकिलाने निर्भयपणे बाजू मांडावयाची त्याच्याच हातात वकिलाची सनद असावी काय, हा मुद्दा आहे.

१९२६ च्या इंडियन बार कौन्सिल्स अधिनियमाने या दिशेने पहिले पाऊल टाकले. त्यानुसार उच्च न्यायालयाच्या परिषदेत पंधरा सभासद असत. महाधिवक्ता, उच्च न्यायालयाने नेमलेले चार, आणि उच्च न्यायालयाच्या ॲडव्होकेटांनी निवडलेले दहा, अशी त्यांची वाटणी होती. संख्येने निवडलेले अधिक असले तरी परिषदेचे काम मुख्यतः चौकशी करून मत देण्यापुरते होते. अंतिम निर्णय उच्च न्यायालयाचाच असे. शिवाय ठाणे, कल्याण, भिवंडी यांसारख्या मुफसल ठिकाणी काम करणारे पुष्कळसे वकील हे प्लीडर होते. त्यांचे नियमन १९२० च्या बॉम्बे प्लीडर्स अधिनियमाखाली होई, आणि उच्च न्यायालयाच्या ॲडव्होकेटांच्या परिषदेत त्यांना मत नव्हते. मुंबईपासून आगगाडीने तासाभराच्या अंतरावरील वकील व्यवसायाच्या दृष्टीने अशा रीतीने वेगळ्याच वर्गात मोडत असे.

स्वातंत्र्यानंतर ही श्रेणीव्यवस्था टिकणे शक्य नव्हते. न्या. सु. र. दास यांच्या अध्यक्षतेखाली १९५१ साली नेमलेल्या अखिल भारतीय समितीने १९५३ मध्ये एकत्रित वकीलवर्गाची शिफारस केली. मो. चि. सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या विधी आयोगाने १९५८ च्या आपल्या चौदाव्या अहवालात तिचा पुरस्कार केला. १९६१ च्या अधिनियमाने ॲडव्होकेट हा एकच वर्ग मानून राज्यपरिषदा व त्यांच्यावर अखिल भारतीय परिषद स्थापन केली. निवडणुकीतून आलेल्या वकिलांकडे शिस्तीचा प्रथमाधिकार प्रथमच पूर्णतः आला. तो किती पक्का आहे हे १९९८ साली दिसले. न्यायालयाच्या बेअदबीबद्दल शिक्षा देताना वकिलाची सनद स्थगित करण्याचा अधिकार आपणासही नाही, तो परिषदेच्या शिस्तपालन समितीचा विषय आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच सांगितले. १९१९ ते १९९८ या आठ दशकांतील अंतर हेच या स्वशासनाचे खरे माप होय.

३. निवडणुकीची रीत

राज्यपरिषदेतील निवडलेल्या सभासदांची संख्या मतदारांच्या संख्येवर अवलंबून असते. मतदार पाच हजारांपर्यंत असल्यास पंधरा, पाच ते दहा हजार असल्यास वीस, आणि दहा हजारांहून अधिक असल्यास पंचवीस. महाराष्ट्र व गोवा परिषद या तिसऱ्या प्रकारात मोडते. महाधिवक्ता पदसिद्ध सभासद असतात. निवडलेल्यांपैकी शक्य तितके निम्मे सभासद किमान दहा वर्षे नामावलीत असलेले असावे लागतात. मुदत पाच वर्षांची असते. अध्यक्ष व उपाध्यक्ष यांची निवड परिषद स्वतः करते. सबळ कारणावाचून लागोपाठ तीन सभांना गैरहजर राहणाऱ्या सभासदाची जागा रिक्त झाल्याचे परिषद जाहीर करू शकते.

मतदान गुप्त असते व ते प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या, एकल संक्रमणीय मताच्या पद्धतीने होते. कोकण विभाग पदवीधर मतदारसंघात मत दिलेल्या ठाणेकरास पसंतीक्रम लिहिण्याची रीत परिचित आहे. परंतु तेथे जागा एक असते, येथे पंचवीस. हा फरक मूलगामी आहे. पद्धतीचा सर्वसामान्य हिशेब असा : वैध मतांच्या संख्येस जागांच्या संख्येत एक मिळवून भागावयाचे व भागाकारात एक मिळवावयाचा. समजा, वैध मते ५२,००० आहेत. तर २६ ने भागून येणाऱ्या २,००० मध्ये एक मिळवून २,००१ हा कोटा ठरेल. ज्याला तेवढी मते मिळाली तो निवडून आला. त्याची जादा मते पुढील पसंतीच्या उमेदवारांकडे जातात. सर्वांत कमी मते असलेला उमेदवार बाद होऊन त्याचीही मते पुढील पसंतीकडे वळतात. जागा भरेपर्यंत हा क्रम चालतो, व म्हणूनच मतमोजणी दीर्घकाळ चालते.

येथे मतदारसंघाच्या भूगोलाचा प्रश्न येतो. परिषदेच्या पंचवीस जागा जिल्ह्यांत वाटलेल्या नाहीत. मुंबई, नागपूर, औरंगाबाद व पणजी येथील उच्च न्यायालयाच्या पीठांखालील, आणि २०२५ सालापासून कोल्हापूरच्या खंडपीठाखालील, सारा प्रदेश हा एकच मतदारसंघ आहे. ठाण्याला जागा राखलेली नाही, कल्याणला नाही, उल्हासनगर वा शहापूरला तर नाहीच. २०१४ साली पालघर जिल्हा ठाण्यापासून वेगळा झाला, परंतु परिषदेपुरता त्या विभाजनाने वसईच्या किंवा जव्हारच्या वकिलाच्या मताच्या मोलात काहीही फरक पडला नाही.

मग ठाणे-कल्याणचा प्रतिनिधी निवडून कसा येतो? वरील काल्पनिक हिशेबच पुढे चालवू. या टापूतील ३,००० वकिलांनी मत दिले, आणि येथील सहा उमेदवारांना प्रत्येकी ५०० पहिल्या पसंतीची मते पडली, असे समजा. साध्या बहुमताच्या पद्धतीत असे सहाही उमेदवार पराभूत होण्याचा संभव आहे. या पद्धतीत मात्र सहांपैकी पाच क्रमाने बाद होत असता त्यांची मते जर येथल्याच पुढील उमेदवाराकडे गेली, तर शेवटच्या उमेदवाराकडे २,००१ हून अधिक मते साठतील व एक जागा निश्चित मिळेल. पण दुसरी पसंती पुण्याच्या किंवा नाशिकच्या ओळखीच्या उमेदवारास दिली गेली, तर तीच ३,००० मते पांगून जातील. म्हणजे कायद्याने जे प्रतिनिधित्व प्रदेशाला दिले नाही ते मतदारांच्या परस्पर सहमतीने मिळवावे लागते, आणि ही सहमती घडविण्याचे स्वाभाविक स्थान म्हणजे स्थानिक वकील संघ होय. ऐच्छिक संघ व वैधानिक परिषद यांचा जो दुवा अधिनियमात कोठेही लिहिलेला नाही, तो येथे सापडतो.

या रचनेला दुसरी बाजूही आहे. जिल्हावार जागा नसल्यामुळे उमेदवाराला सिंधुदुर्गापासून गडचिरोलीपर्यंत दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीसाठी हिंडावे लागते. त्यामुळे तो एका गावाचा न राहता साऱ्या वकीलवर्गाचा होतो, हा लाभ. परंतु ज्याच्यापाशी प्रवासास वेळ व पैसा आहे आणि ज्याचे नाव आधीच दूरवर पोहोचले आहे त्याचेच पारडे जड होते, हा तोटा. तालुक्याच्या न्यायालयातील तरुण वकील व स्त्री वकील यांना हा तोटा विशेष जाणवतो. पद्धत प्रमाणशीर असली तरी प्रमाण कशाचे, हा प्रश्न उरतोच. २०२५ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने राज्यपरिषदांत स्त्री वकिलांसाठी तीस टक्के जागांची व्यवस्था करण्याचा आदेश दिला, तो याच उणिवेवरील उपाय होय.

४. निवडणुकीतून निवडणूक

परिषद भरली म्हणजे प्रतिनिधित्वाची क्रिया संपत नाही. ती तेथून पुढे चालते. पंचवीस सभासदांतून पाच जणांची कार्यकारी समिती आणि तिघांची सनद-नोंदणी समिती निवडली जाते. प्रत्येक शिस्तपालन समिती तिघांची असते. तीत दोन सभासद परिषदेने आपल्यांतून निवडलेले, व तिसरा परिषदेबाहेरील, किमान दहा वर्षे नामावलीत असलेला स्वीकृत ॲडव्होकेट. शिवाय प्रत्येक राज्यपरिषद आपल्यांतून एक प्रतिनिधी अखिल भारतीय परिषदेवर पाठविते. तेथे ॲटर्नी जनरल व सॉलिसिटर जनरल पदसिद्ध असतात. परिषद लहान असो वा मोठी, तिला प्रतिनिधी एकच. तेव्हा राज्यात जे प्रमाण मतसंख्येने साधले ते वरच्या पायरीवर समानतेच्या तत्त्वापुढे मागे पडते. राज्यपरिषदेने केलेले नियम अखिल भारतीय परिषदेच्या मान्यतेवाचून अमलात येत नाहीत.

अशा रीतीने कल्याणच्या मतदाराचे मत तीन टप्प्यांनी दिल्लीस पोहोचते. प्रत्येक टप्प्यावर निवड अधिक जाणत्यांच्या हाती जाते हे खरे, पण धागाही तेवढाच लांबतो. विधीशिक्षण, व्यवसायाचे शिष्टाचार, सनदेनंतरची परीक्षा हे त्याच्या जीवनाशी निगडित प्रश्न ज्या सभेत ठरतात तिच्यातील एकाही व्यक्तीस त्याने प्रत्यक्ष मत दिलेले नसते.

५. आपल्याच मतदारांचा न्याय

स्वशासनाची खरी कसोटी शिस्तीच्या प्रश्नावर लागते. ज्यांच्या मतांवर निवडून यावयाचे त्यांच्याच गैरवर्तनाचा निवाडा करावयाचा, ही स्थिती अवघड आहे. समज देणे, ठराविक काळ सनद स्थगित करणे, किंवा नामावलीतून नाव काढून टाकणे, हे सर्व अधिकार समितीस आहेत. अधिनियमाने पक्षपातावर तीन तोडगे योजिले आहेत. पहिला, परिषदेबाहेरील स्वीकृत सभासद. दुसरा, कालमर्यादा : तक्रार एका वर्षात निकालात निघाली नाही तर ती अखिल भारतीय परिषदेकडे जाते. तिसरा, अपील : साठ दिवसांत अखिल भारतीय परिषदेकडे, आणि तेथून पुन्हा साठ दिवसांत सर्वोच्च न्यायालयाकडे. याप्रमाणे व्यवसायाचे स्वशासन हे न्यायालयापासून सुटलेले नाही. न्यायालय मालकाच्या जागेवरून अपिलाच्या जागेवर गेले आहे, एवढेच.

या व्यवस्थेचा अर्थ महाराष्ट्रातील दोन प्रकरणांनी स्पष्ट केला. शिस्तपालन समितीच्या निर्णयाविरुद्ध महाधिवक्त्याला ‘व्यथित व्यक्ती’ म्हणून अपील करता येईल काय, हा प्रश्न महाराष्ट्राचे महाधिवक्ता सीरवाई यांच्या अपिलावरून निघाला, आणि १९७० साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने नकारार्थी उत्तर दिले. पुढे १९७३ च्या दुरुस्तीने महाधिवक्त्याला तो अधिकार देण्यात आला. दुसरे प्रकरण १९७५ चे. मुंबईच्या फौजदारी न्यायालयांच्या आवारात अशिलांना गाठून कामे मिळविणाऱ्या काही वकिलांना राज्यपरिषदेच्या समितीने दोषी ठरविले; अखिल भारतीय परिषदेच्या समितीने तो निर्णय फिरविला. तेव्हा राज्यपरिषद स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेली. परिषदेचे यात काय गेले, असा आक्षेप निघाला. सात न्यायाधीशांच्या पीठाने तो अमान्य केला. परिषद ही व्यवसायाच्या शुचितेची रक्षक असल्यामुळे ती व्यथित होऊ शकते, असा त्या निर्णयाचा आशय आहे. प्रतिनिधी-संस्था केवळ मतदारांच्या इच्छेची वाहक नसून, व्यवसायावर विसंबणाऱ्या जनतेचीही विश्वस्त आहे, असे तत्त्व त्यातून निष्पन्न होते.

संपाच्या प्रश्नावर हाच भेद पुन्हा दिसतो. स्थानिक संघ मतदारांच्या क्षोभास जवळचा असल्यामुळे न्यायालयीन कामावर बहिष्काराचे ठराव बहुधा तेथेच होतात. वकिलांना संपाचा हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००२ साली सांगितले. मुरबाडहून किंवा शहापूरहून एस. टी. ने तारखेस आलेल्या पक्षकाराचा दिवस फुकट जातो, आणि त्याला या दोन्हींपैकी कोणत्याही निवडणुकीत मत नसते.

६. मताबाहेर राहिलेले

शेवटी या व्यवस्थेतील एका मूलभूत अडचणीकडे लक्ष वेधणे अगत्याचे आहे. कोणतीही निवडलेली संस्था आपल्या मतदारांना जपते. तिचा भार, शक्य तर, जे मतदार नाहीत त्यांच्यावर पडतो. अधिनियमाने सनदेचे शुल्क सर्वसाधारण उमेदवारास एकूण ७५० रुपये, व अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारास १२५ रुपये ठरविले होते. प्रत्यक्षात देशभरच्या परिषदा निरनिराळ्या नावांखाली याच्या कित्येक पट रक्कम घेत असत. ती देणारा तरुण अद्याप नामावलीत आलेला नसतो. म्हणजे ज्या दिवशी तो पैसे भरतो त्या दिवशी त्याला मत नसते. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही जादा आकारणी अधिनियमाविरुद्ध ठरविली. परिषदांना पैशाची गरज नव्हती असे नाही. परंतु ती गरज जुन्या सभासदांपुढे मांडण्याऐवजी दाराशी उभ्या असलेल्यावर लादली गेली होती, हे या प्रकरणाचे राज्यशास्त्रीय सार आहे.

दुसरी अडचण मुदतीची. २०१८ साली निवडलेल्या परिषदेची पाच वर्षे २०२३ साली भरत होती. अधिनियमानुसार सहा महिन्यांची वाढ मिळू शकते, व त्यातही निवडणूक न झाल्यास विशेष समिती नेमण्याची तरतूद आहे. तथापि सनदांच्या व पदव्यांच्या पडताळणीसाठी केलेल्या नियमांच्या आधाराने अनेक राज्यपरिषदांचा काळ लांबत गेला, आणि २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाला रखडलेल्या निवडणुका ठराविक मुदतीत घेण्याचे आदेश द्यावे लागले. पडताळणी आवश्यकच होती, कारण खोट्या सनदांनी मतदार-यादीच दूषित होते. परंतु यादी शुद्ध करण्यासाठी मतदान थांबविणे हा उपाय मूळ रोगाइतकाच काळजी करण्यासारखा आहे.

७. समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, वकीलवर्गाचे स्वशासन हे दोन आधारांवर उभे आहे : परिषदेचा कायदेशीर अधिकार आणि संघातील परस्परांची ओळख. परिषदेपाशी अधिकार आहे, पण ती मतदारापासून दूर आहे. संघ जवळ आहे, पण त्यास अधिकार नाही. ठाणे-कल्याणसारख्या, राजधानीस लागून असूनही तिच्यात न मोडणाऱ्या प्रदेशात हे अंतर विशेष स्पष्ट दिसते. न्यायालयाने दुरुस्त केलेल्या प्रत्येक बाबीत, मग ते शुल्क असो, मुदत असो वा स्त्रियांचे प्रतिनिधित्व असो, स्वशासनाने जे आपण होऊन करावयास हवे होते ते बाहेरून करवून घ्यावे लागले. १९१९ साली जे वकिलांना न्यायालयापासून हवे होते ते स्वातंत्र्य टिकवावयाचे असेल, तर त्याची किंमत नियमित निवडणूक, कठोर शिस्त आणि मताबाहेरच्यांचा विचार या रूपाने व्यवसायानेच चुकती केली पाहिजे.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना या विषयात प्रत्यक्ष अभ्यासास पुष्कळ वाव आहे. परिषदेच्या मतमोजणीत पसंतीची मते एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्याकडे कशी वळतात, आणि स्थानिक संघातील पदाधिकारी परिषदेपर्यंत किती प्रमाणात पोहोचतात, या दोन प्रश्नांची पद्धतशीर छाननी झाल्यास प्रतिनिधित्वाच्या सिद्धांतावर नवा प्रकाश पडेल. राज्यसभेच्या निवडणुकीत पक्षांच्या शिस्तीमुळे जे दिसत नाही, ते पक्षाची अधिकृत चिन्हे नसलेल्या या मतदानात मूळ स्वरूपात पाहावयास मिळण्याचा संभव आहे.